सांधावे की बदलावे?

मन, मोती आणि काच एकदा तडकली की पुन्हा सांधत नाहीत, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. यांपैकी मनाविषयी आणि मोत्याविषयी ठामपणे बोलण्याचा आमचा अधिकार मर्यादित आहे. काचेविषयी मात्र हे वचन आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. मोटारीच्या समोरच्या काचेवर खडा उडून टवका गेला, तर तो भरून देणारे कारागीर आज इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांत सहज भेटतात. अर्ध्यापाऊण तासात ते आपले काम आटोपतात आणि काच पुन्हा वापरण्याजोगी होते. जोवर तडकलेली काच सांधतच नव्हती, तोवर तिच्याविषयी विचार करण्याजोगे फारसे काही नव्हते. सांधणे शक्य झाले आणि निवड आली. निवड आली आणि तिच्यामागोमाग कर्तव्याचा प्रश्न आला. सांधावे केव्हा, बदलावे केव्हा, आणि हे ठरवायचे कोणी, हा तो प्रश्न होय.

निबंधासाठी हा विषय फारच किरकोळ आहे असे काही वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. नीतिविचार मोठ्या उदाहरणांवर केला की माणूस भावनेच्या आहारी लवकर जातो. लहान वस्तूवर केलेला विचार थंड डोक्याने होतो, आणि तो बरोबर ठरला तर मोठ्या ठिकाणीही उपयोगी पडतो. शिवाय ही वस्तू दिसते तितकी लहान नाही. तिच्या एका बाजूस आपण आणि आपली माणसे बसलेली असतात, आणि दुसऱ्या बाजूस रस्त्याने जाणारे अनोळखी जग असते.

प्रथम ही काच कशी असते ते पाहू. मोटारीच्या आरंभकाळात समोर साधी काच लावीत. अपघातात तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होत आणि धडकेतून वाचलेला माणूस काचेने जखमी होई. एडवार्ड बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाची हकिकत प्रसिद्ध आहे. 1903 साली त्याच्या प्रयोगशाळेत एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. पात्रात पूर्वी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण वाळून आतून एक पातळ पापुद्रा तयार झाला होता, आणि त्याने सारे तुकडे धरून ठेवले होते. या निरीक्षणावरून त्याने दोन काचांच्या मध्ये पापुद्रा घालून जोडकाच तयार केली आणि 1909 मध्ये तिचे एकस्व घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच लावली गेली, आणि पुढे ती मोटारींत आली. आजच्या समोरच्या काचेत सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर जाडीच्या दोन काचा असतात आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाचा पाऊण मिलिमीटरचा चिवट पडदा असतो. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात.

बाजूच्या खिडक्यांची काच सहसा निराळी असते. ती तापवून, हवेच्या झोताने एकाएकी थंड करून कणखर केलेली असते. तिच्या पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण असा कायमचा झगडा कोंडलेला असतो. म्हणून ती बरेच सोसते. पण एकदा का आतला ताण मोकळा झाला की क्षणात तिचा लहान लहान खड्यांचा ढीग होतो. तिला सांधता येत नाही, कारण सांधायला काही उरतच नाही. लॅमिनेटेड काच त्या मानाने लवकर तडकते, पण तडकूनही जागेवर राहते. माणसांतही हे दोन प्रकार आपण पाहतो. काही जण वर्षानुवर्षे ओरखडा उमटू देत नाहीत आणि एके दिवशी संपूर्ण कोसळतात. काहींच्या अंगावर तडे दिसतात, तरी त्यांचे घर उभे असते. सांधण्याचा प्रश्न या दुसऱ्यांच्याच बाबतीत निघतो. म्हणजे तडा दिसतो आहे याचा अर्थ अजून काही धरून ठेवणारे शिल्लक आहे. हे भान आरंभीच ठेवलेले बरे.

आता तडा वाढतो कसा ते पाहू. इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने 1921 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात एक कोडे सोडवले. काचेतील अणूंच्या बंधांवरून हिशेब केला तर काच कितीतरी पटींनी बळकट असावयास हवी. मग ती इतक्या थोड्या ताणाने का फुटते? त्याचे उत्तर असे की, प्रत्येक काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतातच, आणि सारा ताण त्या चिरांच्या टोकाशी एकवटतो. चीर जितकी लांब, तितके ती पुढे सरकवण्यास लागणारे बळ कमी. त्यापूर्वी 1913 मध्ये सी. ई. इंग्लिस यांनी जहाजांच्या पत्र्यांविषयी असेच दाखवून दिले होते: भोकाचे टोक जितके अणकुचीदार, तितका तेथे ताण अधिक. म्हणूनच लांबत चाललेल्या चिरेच्या टोकाशी एक बारीक गोल भोक पाडून तिला थांबवण्याची युक्ती धातुकामात वापरतात आणि काच सांधणारे कारागीरही ती कधीकधी वापरतात. अधिक नुकसान थांबवण्यासाठी मुद्दाम थोडे नुकसान करायचे, पण ते गोलाईने करायचे.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की निर्दोष काच कोठेच नाही. दोष असणे आणि तडा जाणे यांत प्रकाराचे अंतर नसून प्रमाणाचे आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: तडा स्थिर राहत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतले, आत वातानुकूलन यंत्राचा गार झोत सोडला, गाडी खड्ड्यातून गेली, की टोकाशी ताण वाढतो. पावसाळ्यात तर चिरेत शिरलेले पाणी टोकाशी असलेले काचेचे रासायनिक बंधच शिथिल करते, आणि मोठा धक्का न बसताही चीर हळूहळू पुढे सरकते. इंदुराहून धुळ्याकडे निघालेल्या गाडीवर सेंधव्याच्या अलीकडे खडा उडावा, दाण्याएवढा टवका जावा, आणि बिजासन घाट उतरेपर्यंत त्याची वीतभर रेघ व्हावी, यात नवल काही नाही. आपण निर्णय घेत नसतो तेव्हाही काच आपला निर्णय घेत असते.

सांधण्याची क्रिया साधी पण चोख असावी लागते. टवक्यावर एक छोटे उपकरण बसवून आतली हवा व ओल शोषून घेतात. मग त्या पोकळीत पातळ राळ दाबाने भरतात आणि अतिनील किरणांच्या दिव्याखाली ती घट्ट करतात. वर उरलेला भाग पात्याने खरवडून चमकवतात. ही राळ म्हणजे काच नव्हे; परंतु तिचा वक्रीभवनांक काचेच्या जवळपास असतो, त्यामुळे प्रकाश फारसा न अडखळता तिच्यातून जातो. बळकटी बरीचशी परत येते. अंधूकसा डाग मात्र राहतो, आणि तो राहणार नाही असे सांगणारा कारागीर विश्वासू समजू नये.

पण प्रत्येक तडा सांधण्याजोगा नसतो. येथे जाणते कारागीर चार गोष्टी पाहतात. तडा कोठे आहे? काचेच्या कडेपर्यंत पोचलेला तडा सांधून भागत नाही, कारण कडेला काच मुळातच ताणाखाली असते. तो किती खोल आहे? बाहेरच्या काचेपुरता असेल तर इलाज आहे; मधला पडदा वा आतली काच दुखावली असेल तर नाही. तो किती जुना आहे? ताज्या तड्यात राळ नीट भिडते. धूळ, पाणी आणि साबण पिऊन बसलेल्या जुन्या तड्यात भिडत नाही. म्हणूनच टवका गेल्याबरोबर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून तो कोरडा ठेवावा असे सांगतात. आणि शेवटची गोष्ट: तो चालकाच्या नजरेच्या वाटेत येतो काय? ब्रिटनमधील वार्षिक वाहनतपासणीत हा भेद आकड्यांनी केलेला आहे. चालकासमोरील 290 मिलिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्यात 10 मिलिमीटरांहून मोठी इजा असेल तर वाहन नापास होते; काच पुसणाऱ्या दांड्यांच्या टापूतील उरलेल्या भागात 40 मिलिमीटरांपर्यंतची इजा चालते. तडा तोच, पण जागेप्रमाणे त्याचा न्याय निराळा. दोष केवढा आहे यापेक्षा तो काय झाकतो, हा प्रश्न मोठा मानलेला आहे. नीतीच्या पुस्तकांनीही घ्यावा असा हा धडा आहे.

आता बदलण्याकडे वळू. नवी काच बसवली की प्रश्न मुळापासून मिटतो, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. समोरची काच चौकटीत नुसती अडकवलेली नसते. युरेथेन नावाच्या चिकट द्रव्याने ती गाडीच्या सांगाड्याला जखडलेली असते. गाडी उलटली तर छताला आधार देण्याचे काही काम ती करते. शेजारच्या आसनापुढील हवेची पिशवी फुगते तेव्हा अनेक गाड्यांत ती याच काचेवर आपटून प्रवाशाकडे वळते. काच बदलायची म्हणजे कारखान्यात झालेला हा सांधा कापायचा आणि तोच सांधा गॅरेजात पुन्हा करायचा. जुने द्रव्य नीट तासले नाही, गंजाचा ठिपका राहिला, वाळायला हवा तेवढा वेळ दिला नाही, तर नवी कोरी काच जुन्या सांधलेल्या काचेपेक्षा अधिक धोक्याची ठरते. अलीकडच्या काही गाड्यांत काचेच्या मागे कॅमेरा असतो. काच बदलली की त्याची दृष्टीही नव्याने जुळवून घ्यावी लागते. शिवाय उतरवलेली काच जाते कोठे? मधल्या पडद्यामुळे ती साध्या बाटलीसारखी भट्टीत टाकता येत नाही. काच आणि पडदा वेगळे करण्याचा खटाटोप मोठा असल्याने पुष्कळ ठिकाणी ती कचऱ्यातच जाते. सारांश, बदलणे म्हणजे निष्पाप होणे नव्हे. तोही एक सांधाच असतो. फक्त तो कडेला, रबराखाली, नजरेआड असतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे कोणी समजू नये. देवाच्या मूर्तीसंबंधी तो अतिशय बारकाईने झाला आहे. मूर्ती झिजू लागली तर वज्रलेप करतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले अशी द्रव्ये उकळून लेप सिद्ध करण्याची कृती दिलेली आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज रोखण्यासाठीही वज्रलेपाचा उपाय झालेला आहे. मात्र अलीकडच्या लेपांत आधुनिक रासायनिक द्रव्ये वापरली गेली. देवळाची भिंत खचली, शिखर ढासळले, तर जीर्णोद्धार करतात. पण मूर्तीच भंगली, तर तिची पूजा थांबवून तिचे जलात विसर्जन करावे आणि नवी प्रतिष्ठा करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. झिजणे, खचणे आणि भंगणे यांना आपल्या पूर्वजांनी तीन वेगळे उपाय सांगितले. यात मूर्तीविषयी अनादर नाही. विसर्जन हाही सन्मानच आहे. टाकून देणे आणि निरोप देणे यांत जे अंतर आहे, ते या आचारात जपलेले आहे.

अहल्याबाई होळकरांचे उदाहरण येथे आठवते. त्यांची ख्याती जीर्णोद्धाराविषयी आहे, आणि ती सार्थच आहे. परंतु सोमनाथाला त्यांनी काय केले? तेथील मूळ देवालय भग्नावस्थेत होते. त्या अवशेषांची डागडुजी करीत न बसता त्यांनी 1783 च्या सुमारास जवळच वेगळे मंदिर उभारले आणि पूजा पुन्हा सुरू होईल अशी व्यवस्था केली. जुने अवशेष पुढे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास तसेच उभे होते. ते 1950 मध्ये हटवून त्या जागी आजचे मंदिर बांधले गेले. अहल्याबाईंची दृष्टी आम्हांस या निर्णयात स्पष्ट दिसते. त्यांना दगड वाचवायचे नव्हते, पूजा वाचवायची होती. दगड सांधून पूजा वाचत असेल तेथे दगड सांधावेत; वाचत नसेल तेथे पूजा नव्या घरी न्यावी. वस्तू कशासाठी आहे हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्याला सांधावे की बदलावे हा प्रश्न फार वेळ अडवीत नाही. काच पाहण्यासाठी आहे आणि वाचवण्यासाठी आहे. ही दोन कामे ती करीत असेल तोवर तिच्यावरचा डाग आपण सोसावा. ती करीनाशी झाली की तिची किंमत, तिचे वय किंवा आपली सवय ही कारणे उरत नाहीत.

मग इतके सोपे असताना माणसे चुकतात कोठे? आमच्या मते चूक सांधण्यात वा बदलण्यात क्वचितच असते. बहुतेक जण तिसराच मार्ग धरतात: पाहू पुढे. तड्याची सवय होते. पहिल्या दिवशी नजर सारखी तिकडे जाते, आठवड्याने कमी होते, महिन्याने तडा दिसेनासा होतो. तो असतो तेथेच, किंबहुना वाढलेला असतो. पण डोळा त्याच्या पलीकडे पाहायला शिकतो. मग समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत रात्री त्या चिरेवर पडतो, सारी काच क्षणभर पांढरी होते, आणि त्या क्षणात रस्ता ओलांडणारा कोणी असतो. ‘अजून काही झाले नाही’ हे वाक्य आपण पुरावा म्हणून वापरतो. पण तडा ज्या नियमाने वाढतो त्यात काल काही झाले नाही याला काडीचे महत्त्व नाही. उलट कालच्यापेक्षा आज तो पुढे जाणे सोपे झालेले असते.

आणि ज्याने हे टाळाटाळीचे धोरण ठरवले, तोच काचेमागे बसलेला असतो असेही नाही. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. भाड्याच्या गाडीचा मालक घरी असतो. तडकलेल्या काचेमागे पगारी चालक बसतो. शाळेच्या व्हॅनचा हिशेब एक जण करतो, आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेली मुले दुसऱ्यांची असतात. ‘आपली गाडी, आपली काच, आपले पैसे’ या युक्तिवादातील ‘आपली’ हा शब्द तपासून पाहिला पाहिजे. कायद्यानेही समोरची काच पूर्णतः खाजगी मानलेली नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश गेला पाहिजे असे सांगितले आहे. त्याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली काचांवरील काळ्या फिल्मना मनाई केली. माझ्या काचेतून मला किती दिसते, यावर रस्त्यावरील इतरांचाही हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व होय. एखादा माणूस आपल्या जिवावर उदार होऊन तडकी काच वापरील तर त्याच्याशी वाद घालता येईल. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणाऱ्याशी मात्र वाद घालण्याचे कारण नाही. तेथे उदारपणाच नाही.

पैशाची गोष्ट टाळता येत नाही. काच बदलण्यापेक्षा टवका भरणे पुष्कळ स्वस्त पडते, आणि गॅरेजवाल्याचा लाभ बहुधा बदलण्यात असतो. तेव्हा ‘बदलाच’ या सल्ल्यात काळजी किती आणि कमाई किती हे ग्राहकाने ओळखले पाहिजे. दुसरीकडे विम्याचा मोह असतो. आपल्याकडील सर्वंकष विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही; मात्र दावा केल्यास सामान्यतः पुढील वर्षाची ‘नो क्लेम’ सवलत जाते. म्हणून काही जण सवलत वाचवण्यासाठी तडा तसाच ठेवतात. तर काही जण, कंपनीचे पैसे आहेत असे म्हणून, भरता येणारा टवका न भरता नवी काच मागतात. कंपनीचे पैसे असे काही नसते. विमा ही अनोळखी माणसांनी एकमेकांच्या संकटासाठी केलेली वर्गणी आहे. गणपतीच्या वर्गणीतून कोणी घरचे वाणसामान आणले तर आपण त्याला काय म्हणू, ते येथेही म्हणावे.

सांधलेल्या वस्तूविषयी आणखी एक कर्तव्य उरते, ते प्रामाणिकपणाचे. आपल्या शहरांत पूर्वी उत्तम रफूगर असत. पैठणीचा फाटलेला पदर ते असा विणून देत की सांधा शोधून सापडू नये. त्या कौशल्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे. परंतु पदराचा सांधा लपला तर कोणाचे काही बिघडत नाही. गाडी विकताना काचेचा सांधा लपवला तर बिघडते. सांधा लपवण्यात कला असते किंवा फसवणूक असते, आणि कोणती ते समोरच्याला माहीत असण्यावर ठरते. चांगली सांधलेली काच विकणे हा दोष नव्हे. ‘येथे टवका होता, तो अमुक साली भरला’ एवढे सांगितले की तीच खूण दोषाची न राहता काळजीची होते. ज्या घरात वस्तू वेळच्या वेळी दुरुस्त होतात, त्या घराची ती ओळख असते.

येथवर आम्ही काचेविषयी बोललो. वाचकांच्या मनात एव्हाना दुसऱ्या गोष्टी आल्या असतील, कारण आपण जेथे राहतो तेथे तडे गेलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या मराठी घरांत सामायिक वाडे आहेत, त्यांच्या वाटण्या आहेत, आणि वाटण्यांतून आलेले अबोले आहेत. ग्रंथालये आहेत, ज्यांची कपाटे भरलेली आणि खुर्च्या रिकाम्या आहेत. गावोगावी मंडळे आहेत. कोठे दोन वर्षांपूर्वीच्या सभेतल्या एका शब्दावरून निम्मे सभासद येत नाहीत. या प्रत्येकाविषयी ‘सांधावे की मोडीत काढून नवे करावे’ असा वाद होतो, आणि तो बहुधा स्वभावावर होतो. जुन्याची माया असलेले सांधा म्हणतात, उतावळे बदला म्हणतात. स्वभावाऐवजी तेच चार प्रश्न विचारले तर? तडा कोठे आहे: सांदीकोपऱ्यात की नजरेच्या वाटेत? कितपत खोल गेला आहे: वरच्या थरापुरता, की धरून ठेवणारा मधला पडदाच फाटला आहे? तो ताजा आहे, की त्यात वर्षांची धूळ साठली आहे? आणि तो कडेला पोचला आहे काय?

दोन भावांमधील हिशेबाचा वाद ताजा असतो तेव्हा एका भेटीने मिटतो. तो दहा वर्षे उघडा राहिला की त्यात इतरांची वाक्ये, बायकामुलांचे अपमान, लग्नकार्यातली अनुपस्थिती असे बरेच काही साचते, आणि मग भरायला घेतलेली राळ आत शिरत नाही. ‘तडजोड’ या आपल्या शब्दात ‘जोड’ आहे खरी, पण जोड स्वच्छ जागी बसते. म्हणून समेटाआधी साफसफाई लागते: काय झाले ते एकदा स्पष्ट बोलून घ्यावे लागते. ते न करता घडवलेला समेट वरून गुळगुळीत दिसतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात उकलतो.

भाषेविषयीही थोडे. आपली इंदुरी, बडोद्याची, हैदराबादी किंवा बेळगावची मराठी पुण्याच्या माणसाला डागाळलेली वाटते. तिच्यात हिंदी, गुजराती, दख्खनी, कानडी शब्द भरलेले आहेत. पण जेथे मराठी शब्द हरवला, ती पोकळी उघडी ठेवण्यापेक्षा शेजारच्या भाषेने ती भरली, हे चांगलेच झाले. राळ काच नसते. प्रकाश मात्र जातो. आमची काळजी निराळी आहे. घरातल्या नातवंडांशी आजीआजोबा मराठीत बोलतच नाहीत, तेव्हा तडा वरच्या थरात राहिलेला नसतो, मधल्या पडद्याला लागलेला असतो. तेथे शब्द भरून भागणार नाही. शुद्धलेखनावर वाद घालीत बसण्यापेक्षा रोजच्या बोलण्यातला हा पडदा राखणे अधिक तातडीचे आहे.

या उपमेची मर्यादा आम्ही जाणतो. काच बाजारात दुसरी मिळते. भाऊ मिळत नाही. काच स्वतः काही म्हणत नाही. माणूस म्हणतो, आणि त्याची संमती नसता त्याला सांधताही येत नाही. म्हणून माणसांच्या बाबतीत सांधण्याचा प्रयत्न अधिक काळ चालू ठेवणे योग्य, आणि बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी. तरीही काही तडे असे असतात की ज्यांच्यामागे कोणाचे तरी रोजचे आयुष्य धोक्यात असते. मारहाण सोसणाऱ्या लेकीला ‘सांधून घे’ असा सल्ला आपल्या घरांनी फार काळ दिला. तो सल्ला देणारे काचेमागे बसलेले नव्हते. सांधण्याचे पुण्य दुसऱ्याच्या जिवावर मिळत नाही, हा नियम येथेही लागू आहे; किंबहुना येथेच तो सर्वांत आधी लागू करावयास हवा होता.

तेव्हा सांधणारा श्रेष्ठ की बदलणारा, असा निवाडा आम्ही करीत नाही. सांधणाऱ्याने आपला सांधा झाकू नये आणि बदलणाऱ्याने जुन्याला सन्मानाने निरोप द्यावा. दोघांनीही ठरवण्यापूर्वी त्या काचेमागे कोण बसणार आहे हे पाहावे. आणि ज्यांनी अद्याप काहीच ठरवलेले नाही, त्यांनी एवढे तरी करावे: आजच्या आज त्या टवक्यावर चिकटपट्टी लावावी. पाऊस तोंडावर आला आहे.